मोठ्या तंत्रज्ञान कंपनीच्या मुलाखतीची तयारी कोल्हापुरात राहून कशी करावी?

कसबा_बावडा

नमस्कार. मी कोल्हापुरातच वाढलो, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो आणि इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून संगणकशास्त्राची पदवी घेतली. शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्यांसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी, सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काही वर्षांपासून काम करतो. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक हीटची (एका वेळी वितळवलेल्या धातूची) नोंद ठेवणे, त्या हीटमधून ओतलेल्या कास्टिंगपैकी (ओतीव भागांपैकी) किती रिजेक्ट झाली आणि कशामुळे झाली याचा माग काढणे, वाळूतील ओलावा व ओतण्याचे तापमान यांच्याशी त्याचा संबंध दाखवणे, असे आमच्या सॉफ्टवेअरचे काम आहे. कामावर माझे प्रेम आहे, पण शिकण्याची गती अलीकडे मंदावली आहे असे वाटते.

एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या हैदराबाद कार्यालयातून रिक्रूटरचा (नोकरीसाठी उमेदवार शोधणाऱ्याचा) ई-मेल आला असून पहिला फोन येत्या मंगळवारी आहे. माझ्यासमोर तीन शंका आहेत. या मुलाखतींत नेमके काय पाहिले जाते? शेकडो कोडिंगचे प्रश्न पाठ केलेले पुण्या-बंगळुरूचे उमेदवार समोर असताना फाउंड्रीच्या नोंदवह्या संगणकावर आणणाऱ्या माझ्यासारख्याने स्वतःबद्दल काय सांगावे? आणि तिथले प्रत्यक्ष काम कसे असते? आई-वडील इथे आहेत, त्यामुळे कोल्हापुरात राहून काम करता येईल का, हाही प्रश्न आहेच. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

करवीरकर

मी मूळचा कोल्हापूरचा असून सध्या हैदराबादेत अशाच एका कंपनीत काम करतो आणि नियमितपणे उमेदवारांच्या मुलाखती घेतो. कंपनीचे नाव लिहीत नाही, पण पुढे जे सांगतो आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्याच मोठ्या कंपन्यांना लागू पडते.

सर्वांत आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण तिच्यावर बाकीची सगळी तयारी अवलंबून आहे. तुमची मुलाखत घेणारा माणूस तुम्हाला नोकरी देत नाही. तो मुलाखत संपल्यावर तुमच्याविषयी लेखी अहवाल लिहितो, आणि निर्णय असे लोक घेतात ज्यांपैकी अनेकांनी तुम्हाला कधी पाहिलेलेही नसते. गूगलमध्ये हे काम निवड समिती करते. ज्या गटात जागा रिकामी आहे त्या गटाच्या व्यवस्थापकाला एकट्याच्या मर्जीने कोणाला घेता येऊ नये, म्हणून ती पद्धत मुद्दाम ठेवलेली आहे. अ‍ॅमेझॉनमध्ये १९९९ पासून ‘बार रेझर’ नावाची व्यवस्था आहे. त्या गटाशी संबंध नसलेला, खास प्रशिक्षण घेतलेला एक मुलाखतकार प्रत्येक उमेदवाराच्या निवडीत असतो आणि त्याचा नकार डावलून पुढे जाता येत नाही. या दोन्ही पद्धतींचा उमेदवाराच्या दृष्टीने अर्थ एकच, की तुम्ही जे मनात ठेवले ते अहवालात उतरत नाही आणि जे अहवालात उतरले नाही ते निर्णय घेणाऱ्यांच्या लेखी घडलेलेच नसते. अचूक कोड लिहून पूर्ण वेळ गप्प बसलेल्या उमेदवाराबद्दल मला ‘उत्तर बरोबर आले’ एवढेच लिहिता येते, आणि तेवढ्यावर कोणाचीही निवड होत नाही.

म्हणून एक उदाहरण घेऊन दाखवतो. हा प्रश्न जुना आणि सर्वपरिचित आहे, पण नीट समजण्यासाठी आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर आणून ठेवतो. दिवसभरातील प्रत्येक एसटी गाडीची येण्याची आणि सुटण्याची वेळ दिली आहे. एकही गाडी ताटकळत उभी राहू नये यासाठी कमीत कमी किती फलाट लागतील? समजा, चारच गाड्या आहेत. पहिली ९:०० ते ९:३०, दुसरी ९:१० ते ९:२०, तिसरी ९:२० ते ९:५० आणि चौथी ९:४० ते १०:००. उत्तर काय?

घाईने कोड लिहायला घेणारा उमेदवार दोन म्हणतो किंवा तीन म्हणतो. खरे पाहता ९:२० ला दुसरी गाडी सुटते आणि त्याच मिनिटाला तिसरी येते. सुटणाऱ्या गाडीचा फलाट येणाऱ्या गाडीला त्याच मिनिटाला देता येत असेल तर दोन फलाट पुरतात. येत नसेल तर तीन लागतात. प्रश्नात ते सांगितलेले नाही आणि ते मुद्दामच सांगितलेले नसते. जो उमेदवार थांबून हे विचारतो, रात्री ११:५० ला येऊन १२:१० ला सुटणाऱ्या गाडीचे काय करायचे हेही विचारतो, त्याच्याविषयी लिहिण्यासारखा पहिला परिच्छेद मला तिथेच मिळतो.

त्यानंतर रीत. प्रत्येक गाडीची दुसऱ्या प्रत्येक गाडीशी तुलना करता येते, आणि तसे सांगूनच सुरुवात करावी, कारण साधी पण बरोबर पद्धत हातात असणे महत्त्वाचे आहे. मग म्हणावे, की येण्याच्या वेळा आणि सुटण्याच्या वेळा वेगवेगळ्या क्रमाने लावल्या आणि दोन्ही याद्यांवरून एकेक बोट सरकवत नेले, तर गाडी आली की एक वाढवायचा, गेली की एक कमी करायचा आणि मधला सर्वांत मोठा आकडा हेच उत्तर. एका स्थानकासाठी दोन्ही पद्धती चालतील. पण १ कोटी नोंदी असतील तर पहिल्या पद्धतीत तुलनांची संख्या एकावर चौदा शून्यांच्या घरात जाते आणि दुसरीत दोन्ही याद्या मिळून ती साधारण ४५-५० कोटींच्या आसपास राहते. ज्याला अजून एक गोष्ट सुचते त्याचे मला मनापासून कौतुक वाटते: दिवसात मिनिटे १,४४० च असतात, म्हणून क्रम लावण्याचीही गरज नाही; प्रत्येक मिनिटासाठी एक घर ठेवून तिथे आलेल्या आणि गेलेल्या गाड्यांची बेरीज-वजाबाकी मांडली तरी पुरते. हे सुचले नाही म्हणून कोणी नापास होत नाही. मी ‘वेळा मिनिटांतच आहेत’ असा इशारा दिल्यावर तो पकडता येतो का, हेही तितकेच पाहिले जाते.

कोडी घालण्याचा प्रकार आता जवळजवळ संपला आहे. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, अशा प्रश्नांतून उमेदवाराविषयी काहीच कळत नाही, असे गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत स्पष्टपणे सांगितले होते. महाविद्यालयातील गुणांचाही अनुभवी माणसाच्या कामगिरीशी संबंध दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा पदवी कोल्हापूरची की मुंबईची, ही चिंता मनातून काढून टाका. बहुतेक ठिकाणी रिक्रूटरच्या फोननंतर कोडिंगची एक चाचणी फेरी आणि ती पार पडली तर चार-पाच मुख्य फेऱ्या असतात. प्रत्येक फेरी पाऊण ते एक तासाची असते. त्यांत दोन-तीन कोडिंगच्या, तुमच्या अनुभवाच्या उमेदवारासाठी एक सिस्टीम डिझाइनची (मोठी यंत्रणा कशी रचाल, यावरची) आणि एक तुमच्या कामाच्या अनुभवावरची.

तुमच्या दुसऱ्या शंकेवर मात्र मला आग्रहाने लिहायचे आहे, कारण तुम्ही स्वतःच्या कामाला उगाच कमी लेखता आहात. फाउंड्रीच्या शॉप फ्लोअरवर नेट जाते, वीज जाते, आणि तरीही सुपरवायझर टॅबलेटवर हीटच्या नोंदी करत राहतो, असे माझ्या माहितीतल्या प्रत्येक फाउंड्रीत होते. नेट परत आल्यावर त्या नोंदी सर्व्हरवर जाताना एकच नोंद दोनदा जाऊ नये, मागची नोंद पुढे येऊ नये आणि मध्येच तुटलेले पाठवणे पुन्हा पहिल्यापासून करावे लागू नये, यासाठी तुम्ही काहीतरी केलेच असणार. सिस्टीम डिझाइनच्या फेरीत नेमके हेच विचारतात. पुस्तकी उमेदवार लोड बॅलन्सर (काम अनेक सर्व्हरवर वाटणारा), कॅश (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवण्याची जागा), शार्डिंग (डेटाबेसची विभागणी) हे शब्द फळ्यावर मांडतो आणि ‘इथे कॅश कशाला हवी?’ असे विचारले की अडखळतो. तुम्ही दगदग सोसून जे सोडवले आहे त्याचे कारण तुम्हाला ठाऊक आहे. ते कसे केले होते, हे इथे लिहिलेत तर त्यावर पुढे बोलू.

सातवी_गल्ली

मी कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. करवीरकर यांनी लिहिलेले जवळपास सर्व पटते, पण एका ठिकाणी मला वेगळे म्हणायचे आहे. बोलत विचार करण्याचे महत्त्व वाचून अनेक विद्यार्थी असा समज करून घेतात की बोलणे चांगले असले की प्रश्न आपोआप सुटेल. तसे होत नाही. पाऊण तासात दोन प्रश्न सोडवायचे असतील तर हॅश टेबल, ग्राफमधील दोन्ही प्रकारचा शोध, हीप, बायनरी सर्च आणि साधे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग हे कोडिंगच्या प्रश्नांत नेहमी लागणारे प्रकार हाताला इतके वळणी पडलेले असावे लागते की डोके मोकळे राहून बोलता येईल. नोकरी करणाऱ्या माणसाला त्यासाठी रोजचा तास-दीड तास आणि निदान दोन-तीन महिने द्यावे लागतात, असे मी बघत आलो आहे. रिक्रूटरला स्पष्टपणे सांगितले, तर मुख्य फेऱ्या काही आठवडे पुढे ढकलायला बहुतेक कंपन्या तयार असतात, कारण नापास झालेल्या उमेदवारासाठी पुन्हा सहा महिने ते वर्षभर थांबणे त्यांनाही सोयीचे नसते.

सराव करताना प्रश्नांची संख्या मोजू नये. एक प्रश्न सुटल्यानंतर तो बंद वहीतून, उत्तर न पाहता, दुसऱ्याला समजावून सांगावा. त्यात जिथे वाक्य अडते तिथे समज अपुरी आहे असे धरावे.

मराठी माध्यमाविषयी. माझ्या वर्गात कागल, गडहिंग्लज, राधानगरी या भागांतून आलेली जी मुले असतात, त्यांना विषय कळलेला असतो, पण इंग्रजीत तोंड उघडायचे म्हटले की ती विचारही थांबवतात. मी त्यांना आधी पूर्ण स्पष्टीकरण मराठीत मोठ्याने द्यायला लावतो. त्यातला तर्क सलग झाला की तोच तर्क छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत सांगायला लावतो: मी असे गृहीत धरतो, मी हे आधी तपासतो, यात ही अडचण आहे, म्हणून मी दुसरी पद्धत घेतो. एवढी दहा-पंधरा वाक्ये तोंडात बसली की पाऊण तास निभावतो. हैदराबादच्या कार्यालयात तुमची मुलाखत घेणारे तेलुगू, तमिळ, बंगाली असे कोणीही असू शकतात. त्यांतील बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नाही. व्याकरणाची चूक कोणी मनावर घेत नाही. प्रश्न समजला नसताना तो समजला असे दाखवणे मात्र महागात पडते, म्हणून पुन्हा विचारण्याची भीड बाळगू नका.

आणखी एक गोष्ट, हल्ली फार आवश्यक झाली आहे म्हणून. ऑनलाइन मुलाखतीत दुसऱ्या पडद्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन उघडून उत्तरे वाचण्याचा प्रकार इतका वाढला की किमान एक फेरी प्रत्यक्ष समोरासमोर घेण्याचा निर्णय गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितला. तेव्हा हैदराबादला जाण्याची तयारी ठेवा, आणि सराव कोरा कागद किंवा साधा एडिटर घेऊनच करा, जिथे चूक दाखवणारे आणि ओळ पूर्ण करून देणारे काही नसेल.

ताराराणी_चौक

तुमच्या तिसऱ्या शंकेवर लिहिते. मी बंगळुरूला अशाच एका कंपनीत काम केले आणि घरच्या कारणाने कोल्हापूरला परत आले; आता इथूनच एका लहान परदेशी कंपनीसाठी काम करते. तिथल्या दिवसांबद्दल माझ्या मनात कटुता नाही, पण जे बाहेरून दिसते आणि जे आत असते त्यात अंतर आहे, ते तुम्ही जाण्याआधी माहीत असलेले बरे.

पहिले म्हणजे कोड लिहिण्याचा वेळ तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी असतो. इथे ग्राहकाने सकाळी फोन केला आणि संध्याकाळपर्यंत बदल करून दिला, असे होते. तिथे एखादा बदल करण्याआधी तो का करायचा, पर्याय कोणते होते, ते का नाकारले, चुकले तर मागे कसे यायचे, हे सगळे एका दस्तऐवजात लिहून इतर गटांसमोर ठेवावे लागते. अ‍ॅमेझॉनने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकींतून पॉवरपॉइंट बंद करून सहा पानी लेखी टिपणाची पद्धत आणली, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे जण ते टिपण शांतपणे वाचतात, हे सर्वज्ञात आहे. इतर ठिकाणी पानांची संख्या वेगळी असेल, पण लिहिल्याशिवाय काही पुढे सरकत नाही. माझ्या गटात जो अभियंता सर्वांत मान राखून होता, तो सर्वांत वेगाने कोड लिहिणारा नव्हता. त्याचे टिपण वाचले की वाद मिटत असे. करवीरकर यांनी मुलाखतीच्या अहवालाविषयी जे लिहिले आहे ते नोकरी लागल्यावरही सुटत नाही. वार्षिक मूल्यमापन आणि बढती यांचा निर्णयही तुमच्या कामाच्या लेखी नोंदीवरून, बरेचदा तुम्हाला न ओळखणारे लोक घेतात. त्यामुळे केलेल्या कामाची टाचणे दर आठवड्याला लिहून ठेवण्याची सवय आत्तापासून लावून घ्या; मुलाखतीतही तीच उपयोगी पडतील.

दुसरे, ऑन-कॉल, म्हणजे सेवेत बिघाड झाला तर कोणत्याही वेळी धावून जाण्याची पाळी. गटातील प्रत्येकाकडे आळीपाळीने आठवडाभर ही जबाबदारी येते. रात्री अडीचला फोन वाजतो, पडद्यावर एखाद्या सेवेतील चुकांचे प्रमाण वाढताना दिसते, आणि अमेरिकेत त्या वेळी दुपार असल्यामुळे लाखो लोक ती सेवा वापरत असतात. अशा वेळी पहिले काम कारण शोधण्याचे नसते, नुकसान थांबवण्याचे असते: शेवटचा बदल मागे घ्यायचा, वाहतूक दुसऱ्या डेटा सेंटरकडे वळवायची, आणि मग शांतपणे लॉग (यंत्रणेने आपोआप ठेवलेल्या नोंदी) वाचायचे. घटना संपल्यावर तिचा सविस्तर अहवाल लिहितात आणि त्यात कोणाही व्यक्तीला दोष देत नाहीत. कोणत्या तपासणीअभावी ती चूक पुढे जाऊ शकली, एवढेच पाहतात. गूगलच्या साइट रिलायबिलिटी गटांनी (सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या गटांनी) ही रीत रूढ केली आणि आता ती सगळीकडे पोहोचली आहे. मला तिथे शिकायला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे आणि परत आल्यावर मी ती माझ्या कामात चालू ठेवली आहे.

तिसरे, नोकरीची शाश्वती. २०२२-२३ मध्ये मेटाने आधी ११,००० आणि नंतर १०,००० जागा कमी केल्या, गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० कमी करण्याची घोषणा केली, अ‍ॅमेझॉनने दोन टप्प्यांत मिळून २७,००० जागा कमी केल्या. त्यांत चांगले काम करणारेही गेले. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. फक्त, मोठी कंपनी म्हणजे सरकारी नोकरीसारखी पक्की, असा जो समज आपल्याकडे घरोघरी असतो तो आई-वडिलांशी बोलताना दूर करा, आणि पहिला पगार हातात आला की कळंब्याला फ्लॅट बुक करण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

कोल्हापुरातून काम करण्याबद्दल: सध्या तरी नाही, असेच धरून चला. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात यायला सांगितले, गूगलमध्ये साधारणपणे तीन दिवसांचा नियम आहे. तीन दिवस असले तरी बिऱ्हाड तिकडेच करावे लागते. आई-वडिलांच्या प्रकृतीचा प्रश्न असेल तर तो मुलाखतीच्या आधी घरात बसून सोडवा, ऑफर हातात आल्यावर नव्हे. कारण तेव्हा उत्तर द्यायला आठवडाभरच मिळतो आणि त्या घाईत घरातल्या कोणाचेच म्हणणे नीट ऐकले जात नाही.

कसबा_बावडा

सर्वांचे मनापासून आभार. घरी बोलणे सुरू केले आहे. आई-वडिलांची हरकत नाही, पण त्यांना कधी गरज पडली तर इथे कोण धावून येईल, हे मला ठरवायचे आहे, आणि धाकटी बहीण इचलकरंजीला असल्यामुळे ते जमेल असे दिसते.

करवीरकर, तुम्ही विचारलेत म्हणून आमची पद्धत लिहितो. टॅबलेटवर नोंद झाली की ती आधी टॅबलेटमध्येच साठते. हीट क्रमांक आणि वेळ यांवरून नोंद ओळखणे शक्य नव्हते, कारण वेगवेगळ्या टॅबलेटची घड्याळे काही मिनिटे पुढे-मागे असतात आणि एकाच हीटमधून लागोपाठ साचे भरले जातात. म्हणून प्रत्येक नोंदीला टॅबलेटवरच एक स्वतंत्र ओळखक्रमांक दिला जातो. नेट आल्यावर नोंदी सर्व्हरकडे जातात. तो क्रमांक सर्व्हरकडे आधीच असेल तर सर्व्हर नवी नोंद न करता फक्त ‘मिळाली’ असे कळवतो, आणि तसे कळल्यावरच टॅबलेट आपली प्रत पुसतो. क्रम घड्याळावरून न लावता त्या टॅबलेटवरील नोंदीच्या अनुक्रमांकावरून लावतो. एवढेच आहे. हे मुलाखतीत सांगण्याजोगे आहे असे मला वाटले नव्हते.

एक शंका अजून आहे. पॅकेजमध्ये शेअर असतात असे ऐकतो. ते प्रकरण कोणी समजावून सांगेल का?

हिशेबनीस

मी शाहूपुरीत सनदी लेखापाल म्हणून व्यवसाय करतो आणि अशा कंपन्यांत गेलेल्या कोल्हापूरच्या अनेक मुलांचे विवरणपत्र भरतो, म्हणून शेअरपुरते लिहितो.

ऑफरमध्ये वार्षिक पगार, जॉइनिंग बोनस आणि शेअर असे तीन भाग असतात. शेअरचा आकडा बहुधा चार वर्षांचा मिळून सांगितलेला असतो, तेव्हा तो पहिल्याच वर्षाच्या उत्पन्नात धरू नका. वाटपही सगळीकडे सारखे नसते. अ‍ॅमेझॉनमध्ये बरीच वर्षे पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ टक्के आणि उरलेले ८० टक्के पुढच्या दोन वर्षांत अशी पद्धत राहिली आहे आणि सुरुवातीची तूट रोख बोनसने भरून काढतात. शेअर ज्या दिवशी तुमच्या नावावर होतात त्या दिवशीची त्यांची किंमत पगारात धरली जाते आणि त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, मग तुम्ही ते विका किंवा ठेवा. कंपनी सहसा त्यांतील काही शेअर विकूनच हा कर भरते. पुढे विकताना त्या दिवसाच्या किमतीच्या वर जो नफा होईल त्यावर भांडवली नफ्याचा कर; २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवले असतील तर २३ जुलै २०२४ पासून तो १२.५ टक्के आहे. लाभांश मिळाला तर अमेरिकेत २५ टक्के कापून येतो आणि त्याची वजावट इथे मागता येते.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते ते परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टाकडे. अमेरिकी कंपनीचा एकही शेअर नावावर असेल तरी विवरणपत्रात तो दाखवावा लागतो, आणि ही माहिती आर्थिक वर्षाची नसून कॅलेंडर वर्षाची द्यायची असते. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे, पण दाखवण्याची जबाबदारी त्यामुळे जात नाही. शेअर मिळाल्याच्या दिवसाचा कागद प्रत्येक वेळी जपून ठेवा; नोकरी सोडल्यावर शेअरचा हिशेब दिसणाऱ्या संकेतस्थळावरचा प्रवेश बंद झाला की जुन्या किमती शोधणे अतिशय जिकिरीचे होते.

करवीरकर

कसबा_बावडा, तुम्ही जे ‘एवढेच आहे’ म्हणून लिहिलेत ते मला मुलाखतीत कोणी सांगितले असते तर उरलेला वेळ मी त्यावरच घालवला असता. घड्याळावर विश्वास ठेवता येत नाही आणि पाठवलेला निरोप पोहोचला की नाही हे पाठवणाऱ्याला खात्रीने कळत नाही, या दोन गोष्टी हजारो सर्व्हरच्या यंत्रणेतही तशाच असतात. तुम्ही त्या टॅबलेटवर सोडवल्या आहेत. आता यावर मुलाखतकार पुढे काय विचारेल, ते लिहितो. प्रत्येकाचे उत्तर आधी लिहून काढा आणि मग मोठ्याने बोलून पाहा.

नोंद पाठवण्याआधीच टॅबलेट फुटला तर? एकाच हीटची नोंद दोन सुपरवायझरनी दोन टॅबलेटवर दुरुस्त केली तर कोणाची धरायची, आणि ते कोणी ठरवायचे? तुमच्या अनुक्रमांकाने एका टॅबलेटपुरता क्रम लागतो. दोन टॅबलेटवरच्या नोंदींपैकी आधी कोणती झाली, हे कसे सांगणार, आणि फाउंड्रीला ते कळण्याची गरज तरी कधी पडते? ग्राहक दहाचे हजार झाले तर डेटाबेस कसा विभागाल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या धंद्यातच आहे. एका फाउंड्रीचा अहवाल दुसऱ्या फाउंड्रीची माहिती कधीच मागत नाही, म्हणून फाउंड्रीनिहाय विभागणी सहज बसते. मात्र एखादी फाउंड्री बाकीच्यांपेक्षा वीसपट मोठी निघाली तर काय, हा त्याच्या पुढचा प्रश्न असेल. अनुभवाच्या फेरीत हीच हकिकत सांगताना परिस्थिती दोन वाक्यांत आटोपा आणि ‘आम्ही केले’ असे न म्हणता त्यातले तुम्ही स्वतः काय ठरवले, कोणता पर्याय नाकारला, त्यानंतर नोंदींमध्ये काय फरक पडला, हे आकड्यांसह सांगा. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी त्यांची १६ नेतृत्वतत्त्वे जाहीर आहेत आणि बहुतेक प्रश्न त्यांवरच बेतलेले असतात. ती वाचून प्रत्येकासमोर आपल्या कामातील एकेक प्रसंग लिहून ठेवता येतो.

सातवी_गल्ली यांनी सरावाविषयी लिहिलेले मला मान्य आहे. माझ्या पहिल्या उत्तरात ती बाजू कमी पडली होती.

मंगळवारच्या फोनविषयी. तो रिक्रूटरचा आहे, त्यात कोडिंग सहसा नसते, तरी वीस-पंचवीस मिनिटे शांत जागी बसा. मुलाखत कोणत्या लेव्हलसाठी (कंपनीतील श्रेणीसाठी) आहे, हे आवर्जून विचारा. एकाच पदनामाखाली लेव्हल वेगळी असली की सिस्टीम डिझाइनच्या फेरीकडून असलेली अपेक्षा आणि पॅकेज, दोन्ही बदलतात, आणि एकदा आत गेल्यावर लेव्हल वाढायला वर्षे लागतात. किती फेऱ्या, कोणत्या, ऑनलाइन की समोरासमोर, कोणत्या भाषेत कोड लिहिता येईल, हेही विचारा. हे सर्व सांगणे त्यांच्या कामाचाच भाग आहे. सध्याचा पगार आणि अपेक्षा विचारतील. अपेक्षेचा आकडा लगेच न देता, लेव्हल ठरल्यावर बोलू, असे नम्रपणे सांगितले तर कोणी वाईट वाटून घेत नाही. नोटिस पिरियड मात्र खरा तोच सांगा. ९० दिवसांचा असला तरी या कंपन्या थांबतात. तयारीसाठी आठ आठवडे हवेत, हेही त्याच फोनवर मागून घ्या.

फोन झाला की कोणत्या फेऱ्या सांगितल्या ते इथे लिहा. रविवारी सकाळी मला वेळ असतो. फलाटासारखा एखादा प्रश्न घेऊन पाऊण तासाची सराव मुलाखत ऑनलाइन घेऊ, आणि समितीसाठी जसा अहवाल लिहितो तसाच तुमच्याविषयी लिहून तुम्हाला वाचायला देईन.